कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंगतीत बसलेली शाळा

पुण्याच्या सदाशिव पेठेला शाळांची वाण कधी भासली नाही. टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूल, पेरूगेटजवळील भावे स्कूल आणि आसपासच्या पेठांतील मराठी शाळा यांमुळे येथील कित्येक पिढ्यांची मुले घरातून निघून पहिली घंटा होण्याच्या आत वर्गात पोहोचत आली. शेजारच्या वाड्यातील मुलगा त्याच वर्गात असे, गुरुजी वडिलांच्या ओळखीचे असत. अशा ठिकाणी मुलाला शाळा परकी वाटत नाही. त्यामुळेच शाळा आपली वाटणे ही कोणीतरी कष्टाने घडवून आणावी लागणारी गोष्ट आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सातारा आणि कोल्हापूरकडील खेड्यांतील बहुसंख्य मुलांची स्थिती याच्या अगदी उलट होती. अनेक गावांत शाळाच नव्हती. जेथे होती तेथे काही मुले वर्गात बसत आणि काही मुले जन्माच्या कारणाने वर्गाबाहेर बसून आतले शिकणे कानांनी टिपत. शाळेची इमारत, पाटी आणि पुस्तक एवढ्याने मूल शिकत नाही; ही शाळा माझी आहे, येथे मला जागा आहे, असे त्याला वाटले पाहिजे, ही गोष्ट ज्या थोर पुरुषाने ओळखली आणि तिच्यासाठी सारे आयुष्य वेचले, ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म जैन कुटुंबात झाला. परंतु ते साऱ्या महाराष्ट्राचे झाले.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. वडिलांचे नाव पायगोंडा आणि आईचे गंगाबाई. घराणे मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीकडील. पुढे ते वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील महसूल खात्यात कारकून होते. नोकरीत बदल्या होत, त्यामुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण कुंभोज, दहिवडी, विटे अशा निरनिराळ्या गावी झाले.

दर बदलीनंतर नवी शाळा, नवे गुरुजी, नवे सोबती. नव्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या मुलाला वाटणारा परकेपणा भाऊरावांनी लहानपणी अनेकदा अनुभवला असला पाहिजे. मात्र ते स्वतः अंगापिंडाने दणकट, कुस्तीची आवड असलेले आणि निर्भय होते. त्यांना सोबती मिळण्यास वेळ लागत नसे. ज्यांना हे भाग्य नव्हते त्यांच्याकडे मात्र त्यांचे लक्ष लवकरच गेले. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांना पाणी भरू देत नाहीत, हे पाहून लहानग्या भाऊरावांनी विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेली आहे. पुढील आयुष्यात त्यांनी मोडण्यापेक्षा जोडण्याचेच काम अधिक केले. पण अन्यायाची चीड मुळातली होती.

बोर्डिंगमधील पंगत

माध्यमिक शिक्षणासाठी १९०२ मध्ये भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांचे माहेरघर. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन व आश्रय दिला होता. प्रत्येक समाजासाठी वेगळे वसतिगृह ठेवण्यामागे व्यवहार होता. एकत्र पंगतीला मुले पाठवण्यास त्या काळी पालक तयार झाले नसते, आणि मुलेच आली नसती तर शिक्षण कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न होता. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय झाली, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. जैन समाजातील कित्येक घरांत पहिला शिकलेला माणूस या बोर्डिंगमुळेच निर्माण झाला.

१९०८ मध्ये अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव आवडीने गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी त्यास साफ नकार दिला. माणसाच्या सहवासाने माणूस अशुद्ध होत नाही, अशी त्यांची धारणा होती. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे चालक त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे होते. लठ्ठे हे विद्वान, समाजाच्या उन्नतीसाठी झटणारे आणि पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले कर्तबगार गृहस्थ. तरीही काळाचा आणि रूढीचा पगडा असा होता की संस्थेच्या शिस्तीपुढे त्या मुलाची बाजू कोणास दिसली नाही.

ही घटना जैन समाजाने विसरू नये अशी आहे. आपल्याच समाजाच्या वसतिगृहातून, आपल्याच धर्मातील एका विद्यार्थ्याला, समतेने वागला म्हणून बाहेर जावे लागले. अहिंसेचा अर्थ केवळ जीवहत्या टाळणे एवढाच नसून कोणाच्या मनाला तुच्छतेचा घाव न घालणे हाही आहे, हे त्या विद्यार्थ्याने आपल्या आचरणाने दाखवले. पंगतीतून उठवल्या जाणाऱ्याचे दुःख काय असते, हे भाऊरावांना त्या दिवशी स्वतःच्या अनुभवाने कळले. पुढे त्यांनी जी जी संस्था काढली तिच्यात पंगतीला पहिले स्थान दिले, त्याचे मूळ येथे आहे.

बोर्डिंग सुटल्यावर शाहू महाराजांचा आधार त्यांना लाभला. शालेय शिक्षणात मात्र त्यांना फारसे यश आले नाही. इंग्रजी आणि गणिताने दगा दिला आणि १९०९ च्या सुमारास शाळा सुटली. ज्यांनी पुढे शेकडो शाळा काढल्या ते स्वतः मॅट्रिक होऊ शकले नाहीत. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला शाळा किती लवकर परकी होते, हेही ते जाणून होते.

न दिलेली साक्ष

१९१४ मध्ये कोल्हापुरात राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे एक प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवावे अशी काहींची खटपट होती. लठ्ठ्यांच्या विरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्या कारकिर्दीत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. परंतु जे पाहिले नाही ते सांगणार नाही, या निश्चयापासून भाऊराव ढळले नाहीत. त्यांना कोठडीत डांबून मारहाण झाली. यातना असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही ती नाहीच.

शाळा, बोर्डिंग आणि चालक यांच्याविषयी मनात कटुता धरून बसणारा मनुष्य नवी संस्था उभारू शकत नाही. भाऊरावांनी लठ्ठ्यांविषयी वैर धरले नाही. रूढीशी मात्र आयुष्यभर झुंज दिली. व्यक्ती आणि दोष यांत भेद करण्याची ही दृष्टी त्यांच्या पुढील साऱ्या कार्यात दिसते.

दुधगाव ते काले

शाळा सुटल्यानंतर भाऊरावांनी काही काळ शिकवण्या केल्या. साताऱ्यात त्यांना लोक मास्तर म्हणून ओळखू लागले. १९१० मध्ये मित्रांच्या साहाय्याने दुधगाव येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला. निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवण्याचा त्यांचा हा पहिला प्रयोग.

या काळातीलच एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका शाळेत अस्पृश्य समाजातील एक हुशार मुलगा वर्गाबाहेर बसून शिकत असलेला त्यांनी पाहिला. भाऊराव त्याला आपल्या घरी घेऊन गेले, बरोबर जेवू घातले आणि पुढे कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय केली. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या मूकनायक पत्राच्या संपादनाची धुरा काही काळ घोलपांनी सांभाळली. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसलेला एक मुलगा आत आल्याने काय घडू शकते, याचे याहून वेगळे प्रमाण नको.

उपजीविकेसाठी भाऊराव व्यापाराकडेही वळले होते. ओगले काच कारखान्यासाठी त्यांनी भांडवल जमवण्याचे काम केले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवण्यासाठी ते खेडोपाडी फिरले. नांगर विकणे म्हणजे गावच्या पारावर बसणे, शेतकऱ्याशी दोन घटका बोलणे, त्याच्या घरची भाकरी खाणे आणि त्याची अडचण ऐकून घेणे. या फिरतीत भाऊरावांना महाराष्ट्राचे खेडे आतून पाहावयास मिळाले. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचता न आल्याने जमीन गमावलेली माणसे त्यांना भेटली. नांगराने शेत पिकेल, पण अक्षर आल्याखेरीज पिकलेले घरात राहणार नाही, हा हिशोब त्यांच्या मनात पक्का झाला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांची आणि शाहू महाराजांच्या कार्याची दीक्षा त्यांना आधीच मिळालेली होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेला कोणा राजाचे वा दात्याचे नाव न देता त्यांनी रयत हे नाव निवडले. जिच्या मुलांसाठी शाळा, तिच्या नावानेच संस्था. पुढे वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह झाले.

साताऱ्याचे बोर्डिंग आणि रयतमाउली

१९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. आरंभ झाला तो मूठभर मुलांवर आणि स्वतःच्या संसारातूनच. त्यांत सवर्ण होते, अस्पृश्य होते, मुसलमान होते. पुढे धनिणीच्या बागेत हे बोर्डिंग बहरले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्याला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगचा छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असा नामकरण समारंभ झाला. निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहतात आणि एकत्र जेवतात हे पाहून गांधीजींना अतिशय समाधान वाटले. पुढे हरिजन सेवक संघाकडून बोर्डिंगला वार्षिक साहाय्यही मिळू लागले.

या बोर्डिंगची व्यवस्था पाहिली म्हणजे भाऊरावांची शिक्षणदृष्टी कळते. मुलेच पाणी भरत, दळण-कांडण करत, पाळीपाळीने स्वयंपाक रांधत, झाडलोट करत, शेतात राबत. एका मुलाने थापलेली भाकरी दुसऱ्याच्या ताटात पडे. कोणी कोणाची जात विचारावयाची तर भाकरी कोणी थापली हे विचारावे लागे, आणि सकाळपासून राबून आलेल्या मुलांच्या भुकेला असल्या चौकशीस सवड नसे. समतेवर व्याख्याने देण्यापेक्षा हा मार्ग अधिक खात्रीचा होता. ज्या खोलीला आपण स्वतः शेण-माती लावली, ज्या झाडाला स्वतः पाणी घातले, ते सोडून मूल सहसा पळून जात नाही. मुलाला जागा नुसती दिली तर ती दान ठरते. त्याच्या हातून ती घडवून घेतली तर ती त्याची होते. कमवा आणि शिका या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या योजनेचे बीज हेच.

या बोर्डिंगचा विचार लक्ष्मीबाईंच्या उल्लेखाशिवाय पुरा होऊ शकत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई धर्मशील जैन घरातून आलेल्या. सोवळे-ओवळे, व्रते-उपवास यांचे संस्कार त्यांच्यावर लहानपणापासून झालेले. अशा स्त्रीच्या चुलीपाशी एके दिवशी सर्व जातींची मुले येऊन बसली. हा बदल त्यांना सोपा गेला असेल असे म्हणता येणार नाही. परंतु आईवेगळ्या, घरापासून दूर आलेल्या त्या मुलांचे मुखडे पाहून त्यांच्यातील मातृत्वाने रूढीवर मात केली. आजारी मुलाच्या उशाशी त्या बसू लागल्या, सणासुदीला मुलांना गोडधोड करून घालू लागल्या.

बोर्डिंगची आर्थिक स्थिती बिकट होती. वाण्याची उधारी वाढत जाई. एकामागून एक लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असता कोठीत धान्याचा कण उरला नाही. तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले सौभाग्यलेणे, गळ्यातील मंगळसूत्र, देऊन मुलांच्या जेवणाची तजवीज केली. १९३० मध्ये या माउलीने देह ठेवला. रयतमाउली ही पदवी त्यांना लोकांनीच दिली. अपरिग्रहाचा उपदेश पुष्कळ जण ऐकतात. तो अंगावरील शेवटच्या सोन्यापर्यंत आचरणात आणणारी स्त्री विरळाच.

पुण्याशी जडलेले नाते

सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण आणि त्यानंतर गांधीजी व डॉ. आंबेडकर यांच्यातील पुणे करार या घटनांनी साऱ्या देशाचे लक्ष पुण्याकडे लागले. कराराचे कागद झाले. पण गावागावांतील आणि घराघरांतील दुरावा कागदाने मिटणार नव्हता. भाऊरावांनी त्याच वर्षी या ऐक्याची स्मृती म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले. उच्च शिक्षणासाठी पुण्यात येणाऱ्या, सर्व जातींच्या गरीब विद्यार्थ्यांना एकत्र राहता यावे हा त्याचा हेतू. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या या नगरात खेड्यातील मुलास राहावयास खोली आणि बसावयास पंगत मिळणे त्या काळी किती कठीण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वसतिगृहाचे मोल कळते.

गावोगावच्या प्राथमिक शाळा

बोर्डिंगमधील अनुभवावरून भाऊरावांच्या ध्यानात आले की, मूल वसतिगृहात येण्याच्या आधीच निम्मी लढाई हरलेली असते. कारण त्याच्या गावात प्राथमिक शाळाच नसते, अथवा असली तर तेथील शिक्षकाला गावाविषयी आपुलकी नसते. तालुक्याच्या गावाहून नाइलाजाने आलेला आणि शनिवारी दुपारी परत जाण्याची वाट पाहणारा शिक्षक मुलांना काय लळा लावणार? म्हणून आधी शिक्षक घडवावा, असे त्यांनी ठरवले. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. खेड्यातीलच मुलगा शिकून खेड्यातच शिक्षक व्हावा, त्याला शेतीचे आणि अंगमेहनतीचे वावडे नसावे, त्याने गावात राहावे, गावचे सुखदुःख आपले मानावे, हा या विद्यालयाचा कटाक्ष होता. पुढे स्त्री-शिक्षिकांसाठीही संस्थेने साताऱ्यात अध्यापिका विद्यालय काढले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. जेथे शाळा नाही अशा गावांत खासगी प्रयत्नाने शाळा निघाव्यात म्हणून सरकारने अनुदान देऊ केले. या व्हॉलंटरी शाळांची संधी भाऊरावांनी दोन्ही हातांनी घेतली. १९३८ पासून सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांपर्यंत संस्थेच्या शाळा पोहोचू लागल्या. पुढील दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली.

या शाळांना इमारती कोठून असणार? कोठे देवळाचा सभामंडप, कोठे धर्मशाळा, कोठे गावची चावडी, तर कोठे एखाद्या शेतकऱ्याच्या घराची पडवी. शिक्षक बहुधा एकच. तोच सर्व इयत्ता सांभाळी. सोयी पाहिल्या तर या शाळा दरिद्री होत्या. पण त्यांच्यापाशी असे काही होते की जे सुसज्ज शाळांपाशीही नेहमी असतेच असे नाही. शाळा गावाने मागून घेतलेली होती. जागा गावाने दिलेली होती. शिक्षकाच्या राहण्याची व्यवस्था गावाने केलेली होती.

ज्या देवळाच्या सभामंडपात शाळा भरे त्या देवळात पूर्वी ज्या मुलांना पायरी चढू देत नसत, ती मुले पाटी-दप्तर घेऊन तेथे बसू लागली. भाऊरावांच्या शाळेत जातीची वेगळी पट्टी नव्हती. गावातील वडीलधाऱ्यांना हे पटवणे सोपे नसे. पण खादीचे जाडेभरडे कपडे, हातात काठी, पांढरी दाढी आणि अनवाणी पाय असा तो भव्य पुरुष जेव्हा पारावर येऊन बसे, तेव्हा त्याच्यापुढे नाही म्हणणे गावाला जड जाई. तो आपल्यातीलच एक आहे, याच्या घरी सोन्याचा मणी उरलेला नाही, हे सर्वांना ठाऊक असे.

रयतच्या कामात मुष्टिफंडाची पद्धतही रूढ झाली होती. घरातील स्त्रीने दळण्याच्या वा स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते मुलांच्या शिक्षणाकरिता द्यावे, अशी ही साधी योजना. हिशोबाच्या दृष्टीने एक मूठ धान्य म्हणजे काहीच नव्हे. शेकडो मुठी मिळूनही एखाद्या धनिकाच्या देणगीची बरोबरी होत नाही. पण मूठ देणाऱ्या प्रत्येक घराचा शाळेत वाटा निर्माण होतो. धनिकाच्या देणगीने शाळा उभी राहते, मुठीने ती गावाची होते. जिने मूठ घातली ती माउली आपल्या मुलास शाळेत पाठवल्याखेरीज राहत नाही, आणि दुसऱ्याचे मूल शाळेत का दिसत नाही याचीही चौकशी करते.

पुढे स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी शासनाने अधिकाधिक उचलली आणि या शाळा शासकीय यंत्रणेकडे गेल्या. आपण काढलेल्या शाळा हातच्या गेल्या याचे भाऊरावांना दुःख झाले नाही. मुले शिकावीत हा हेतू होता. मालकी हा हेतू कधीच नव्हता.

कसोटीचा काळ

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. श्रमावर चालणारी, विनाशुल्क निवासी माध्यमिक शाळा हा त्या काळी अपूर्व प्रयोग होता. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. खडी फोडून आणि शेतात राबून शिकलेले विद्यार्थी तेथून पदवीधर होऊन बाहेर पडू लागले.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येने भाऊराव व्यथित झाले. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. याच काळात त्यांनी उघडपणे काढलेले काही टीकेचे उद्गार सरकारला रुचले नाहीत आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शाळा, हजारो मुले आणि शिक्षकांचे पगार यांचा भार डोक्यावर असता उत्पन्नाचा मुख्य झरा आटला. व्यवहाराच्या नियमाने पाहता अशा वेळी संस्थेने दिवाळे काढावयाचे. पण रयत बंद पडली नाही. शिक्षकांनी झळ सोसली, लोकांनी आपापल्या परीने साहाय्य केले आणि कालांतराने अनुदानही पूर्ववत सुरू झाले. तीस वर्षे जी आपुलकी पेरली होती ती या वेळी उपयोगी पडली. परक्या संस्थेसाठी कोणी बिनपगारी राबत नाही, घरासाठी राबतात.

देणगी आणि नाव यांविषयी भाऊरावांचा बाणाही सांगण्यासारखा आहे. शिवाजी कॉलेजचे नाव बदलून आपले नाव द्यावे या अटीवर मोठी रक्कम देऊ करणाऱ्यास त्यांनी नकार दिला, अशी गोष्ट सांगितली जाते. संस्थेला पैशाची निकड असतानाचा हा नकार होता. दात्यांविषयी त्यांना अनादर नव्हता. मदत घेण्यासाठी ते दारोदार फिरलेले होते. परंतु शाळा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर विकावयास ते तयार नव्हते.

अखेरचे पर्व

लोकांनी भाऊरावांना कर्मवीर ही पदवी केव्हाच दिली होती. विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट्. पदवी अर्पण केली. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या विद्यार्थ्याचा विद्यापीठाने केलेला हा सत्कार होता. त्यानंतर अवघ्या महिनाभराने, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. १९८८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. आज तिच्या शाखांची संख्या सातशेच्या वर आहे.

भाऊरावांचे चरित्र केवळ आदराने वाचून बाजूला ठेवण्याजोगे नाही. शाळा काढणाऱ्या, चालवणाऱ्या अथवा शाळेला देणगी देणाऱ्या प्रत्येकाला ते काही विचारते. वर्गात नव्याने आलेले मूल कोणाशेजारी बसते? मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यात कोणाचा हात जातो? शाळेच्या अंगणात त्याने लावलेले एखादे तरी झाड आहे काय? त्याच्या आईला शाळेच्या दारात येताना संकोच तर वाटत नाही ना? आजच्या शहरी शाळेत जातीची पट्टी वर्गाबाहेर अंथरलेली दिसणार नाही. पण दुसऱ्या प्रांतातून आलेले, निराळी बोली बोलणारे, फी भरावयास उशीर झालेले मूल भर वर्गात बसूनही बाहेरच असू शकते. इमारतीचा कोनशिला समारंभ एका दिवसात होतो. मुलाला आत घेण्याचे काम मात्र रोज सकाळी, घंटा झाल्यावर, नव्याने करावे लागते.

कोल्हापूरच्या एका पंगतीतून ज्यांना उठावे लागले, त्यांनी साऱ्या महाराष्ट्रासाठी पंगत मांडली आणि तिच्यातून कोणालाही उठू दिले नाही. त्या थोर कर्मयोग्याच्या आणि रयतमाउली लक्ष्मीबाईंच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.